एका घरातले दोन ताप: चवथीच्या आठवड्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२२ चे शेवटचे दहा दिवस. त्या वर्षी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, ३१ ऑगस्टला, बुधवारी होती. मी गोव्यात, फोंडा तालुक्यात लहान मुलांचा दवाखाना चालवते. पावसाळ्यात बाकावर जागा नसते, पण त्या आठवड्यात लोक जिन्यावरही बसलेले असायचे. कोविड गेला नव्हता, रोज नवे रुग्ण सापडत होते. दोन वर्षं दबून राहिलेला फ्लू शाळा सुरू झाल्याबरोबर परतला होता आणि डेंग्यूचा हंगाम तर ठरलेलाच. तिन्हींची सुरुवात तापाने.

ज्या घराबद्दल लिहिते आहे, त्या घराची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम, औषधं आणि माझे निर्णय मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत, चुकलेले धरून.

दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढा फ्लॅट. वडील कारखान्यात शिफ्टमध्ये, आई बँकेत. थोरला मुलगा आठ वर्षांचा, मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरीत, वजन २४ किलो. धाकटी दोन वर्षांची, ११ किलो, दिवसभर आजीजवळ. आजी सत्तरीच्या, पंधरा वर्षांचा मधुमेह. कोविड लशीचे दोन डोस झालेले, तिसरा 'चवथीनंतर बघू' म्हणून राहिलेला. बारा वर्षांखालच्या मुलांना आपल्याकडे ती लस मिळतच नव्हती, त्यामुळे दोन्ही मुलांना ती नाही. फ्लूची लस घरात कुणीच घेतलेली नव्हती.

गणपती मूळ घरी, सत्तरी तालुक्यात. चवथीला तिथे वीस-बावीस माणसं जमतात. त्या वर्षी धाकट्या काकाची बायको सातव्या महिन्यात होती. पुढच्या सगळ्या निर्णयांवर या एका गोष्टीचं सावट होतं, आणि मला ती पाचव्या दिवशी कळली.

पहिली भेट

मंगळवारी, २३ तारखेला, थोरला शाळेतून आला तेव्हा बरा होता. संध्याकाळी खेळून आला आणि तासाभरात अंग तापलं, १०३. रात्रीच घरच्या किटवर कोविडची चाचणी केली, निगेटिव्ह आली. बुधवारी सकाळी आई त्याला घेऊन आली. डोकं दुखतंय, अंग मोडून आलंय, कोरडा खोकला, जेवण नको. घसा लाल, छाती स्वच्छ, श्वासाची गती ठीक, ऑक्सिजन ९८.

आईच्या फोनवर एक तक्ता होता, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला. एका बाजूला कोविड, दुसऱ्या बाजूला फ्लू, मध्ये ताप, खोकला, अंगदुखी, वास जाणं अशा ओळी. तिने त्याची लक्षणं जुळवूनही पाहिली होती. "डॉक्टर, अचानक ताप आणि अंगदुखी म्हणजे फ्लू ना? वास येतोय त्याला. किटही निगेटिव्ह आहे."

मी हो म्हटलं.

त्या तक्त्यात काय खटकतं ते त्याच वेळी तिला सांगायला हवं होतं. अचानक चढणारा ताप आणि अंग मोडून येणं फ्लूकडे झुकतं हे खरं. पण २०२२ मध्ये फिरत असलेला ओमायक्रॉन मुलांमध्ये तसाच सुरू होत होता: ताप, घसा, कधी उलट्या, कधी कोरडा खोकला. वास जाण्याचं प्रमाण ओमायक्रॉनमध्ये पुष्कळ घटलं होतं, आणि दोन-तीन वर्षांच्या मुलाला वास जातो की नाही हे सांगणार कोण? फ्लूची लक्षणं संसर्गानंतर एक ते चार दिवसांत दिसतात, कोविडची साधारण दोन दिवसांपासून चौदा दिवसांपर्यंत. पण मुलाला नक्की कुठे, कधी लागण झाली हेच माहीत नसेल तर या आकड्यांचा उपयोग काय! राहिली किटवरची चाचणी. ती ताप चढल्यावर चार तासांत केलेली. रॅपिड अँटिजेन चाचणी पहिल्याच दिवशी निगेटिव्ह येणं ही रोजची गोष्ट आहे. अशा वेळी एक-दोन दिवसांनी पुन्हा करायची असते.

असले तक्ते बहुधा थंड देशांतल्या माहितीवरून बनतात, म्हणून त्यांत फ्लू हिवाळ्याचा. आपल्या देशात फ्लूचे दोन हंगाम, एक जानेवारी ते मार्च आणि दुसरा पावसाळ्यात. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यातला मोठा. जुलै-ऑगस्टमध्ये फोंड्यातल्या तिसरीच्या वर्गातल्या मुलाला ताप आला, तर फ्लूची शक्यता आधीच वरची असते.

पहिला निर्णय: चाचणी करायची की नाही

फ्लूसाठी सरकारी मार्गदर्शनात रुग्णांचे तीन गट केलेले आहेत. सौम्य ते अ. जास्त ताप आणि घसा असेल, किंवा रुग्ण पाच वर्षांखालचा, पासष्टीच्या वरचा, गरोदर वा मधुमेही असेल तर ब. धाप, गुंगी, रक्तदाब घसरणं असेल तर क. अ आणि ब गटांत चाचणीची गरज नाही, क गटात दाखल करून चाचणी करायची. त्या हिशेबाने थोरल्याची चाचणी न करणं बरोबर होतं. आठ वर्षांचा धडधाकट मुलगा, श्वास ठीक. कोविड असो वा फ्लू, त्याचा उपचार तोच राहणार होता: पाणी, पेज, विश्रांती, पॅरासिटामॉल.

पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम या हिशेबाने. पाच मिलित २५० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे सात मिलि, दोन डोसांत किमान चार तासांचं अंतर, दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा नाही. घरात मेफेनॅमिक अ‍ॅसिडचं सिरप होतं, ते बंद करायला सांगितलं. डेंग्यूच्या दिवसांत ते आणि आयबुप्रोफेन टाळलेलंच बरं, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. आजींच्या गोळ्यांत अ‍ॅस्पिरिन आहे का, तेही विचारलं. फ्लूमध्ये मुलांना अ‍ॅस्पिरिन दिलं तर यकृत आणि मेंदूला इजा करणारा एक दुर्मीळ पण जीवघेणा आजार होऊ शकतो. हे सांगितलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

आता नीट बघा. मी आजींच्या गोळ्यांबद्दल विचारलं, म्हणजे घरात आजी आहेत हे माझ्या कानावर आलं होतं. त्या कुठे झोपतात, त्यांना काय आजार आहे, चवथीला कुठे जाणार, हे मी विचारलं नाही. थोरला रात्री आजींच्या कुशीत झोपत होता.

पोटऱ्या

गुरुवारी ताप होता. शुक्रवारी, २६ तारखेला सकाळी ताप उतरला आणि मुलगा उठून उभा राहीना. आई त्याला कडेवर घेऊन जिना चढली, आठ वर्षांच्या मुलाला. "याचे पाय गेले, डॉक्टर." तिचा चेहरा मी विसरलेले नाही.

पोटऱ्यांना हात लावला तरी तो ओरडत होता. उभं केलं तर चवड्यांवर चालायचा. पण पायांत जोर पुरता होता, गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडत होता, स्पर्श कळत होता. फ्लू ओसरत असताना शाळकरी मुलांमध्ये पोटऱ्यांच्या स्नायूंना अशी सूज येते. इन्फ्लुएंझा बी मध्ये जास्त, ए मध्येही येते. तीन-चार दिवसांत आपोआप जाते. लघवी चहासारखी काळसर झाली तर मात्र काळजी, कारण स्नायूंतून सुटलेली द्रव्यं मूत्रपिंडाला त्रास देतात. लघवी स्वच्छ होती.

तरी तापाचा चौथा दिवस आणि ताप नुकताच उतरलेला, म्हणजे डेंग्यूत सर्वात जपायची हीच वेळ. रक्त घेतलं: पांढऱ्या पेशी थोड्या कमी, प्लेटलेट पावणेदोन लाख, डेंग्यूची एनएस१ चाचणी निगेटिव्ह, सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं द्रव्य) हजाराच्या वर. नाकातून नमुनाही घेतला. एकाच नमुन्यात फ्लू आणि कोविड दोन्ही बघणारी आरटीपीसीआर, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी. खरं तर पोटऱ्या बघून फ्लूची माझी खात्री झाली होती. नमुना घेतला तो आईचा जीव थाऱ्यावर यावा म्हणून.

निघताना तिने दारातून विचारलं, "धाकटीलाही काल रात्रीपासून ताप आहे. तेच औषध देऊ?"

"भावाचंच लागलंय तिला," मी म्हटलं. पाच वर्षांखालची, घरात फ्लूचा रुग्ण, ताप चोवीस तासांच्या आतला, म्हणजे फ्लूचं औषध द्यायला सर्वात योग्य वेळ. ऑसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर त्याचा उपयोग जास्त. पंधरा किलोपर्यंतच्या मुलाला ३० मिलिग्रॅम दोनदा, पाच दिवस. मी लिहून दिलं. संध्याकाळी तिला दाखवायला आणा, असंही सांगितलं. संध्याकाळी ती खेळत होती म्हणून ते आले नाहीत, आणि मीही फोन केला नाही. मुलीला न बघता, दुसऱ्या मुलाच्या आजारावरून तिला औषध दिलं होतं.

'तेच औषध' म्हणजे आईला पॅरासिटामॉलही तेच म्हणायचं होतं, बाटली तीच आणि माप तेच. मी औषध सांगितलं, माप सांगायचं राहिलं. भावाचे सात मिलि धाकटीला दिले असते तर दुप्पट झाले असते. आईने घरी जाऊन मलाच मेसेज केला, "सातच मिलि ना?" म्हणून निभावलं. तीन मिलि, असं उत्तर दिलं.

शनिवारी संध्याकाळी थोरल्याचा रिपोर्ट आला. इन्फ्लुएंझा ए, एच१एन१ पॉझिटिव्ह, कोविड निगेटिव्ह. मी आईला कळवलं आणि धाकटीबद्दल जी थोडी शंका असायला हवी होती, तीही माझ्या मनातून गेली.

रात्री दोन वाजता

रविवारी पहाटे फोन. आईच्या आवाजामागून धाकटीचा खोकला ऐकू येत होता. कुत्रं भुंकावं तसा. श्वास आत घेताना घरघर. वडील बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ सोडून तिला वाफ देत होते.

वाफ थांबवा म्हटलं. त्याचा उपयोग नाही, आणि भाजलेली मुलं मी पाहिली आहेत. तिला मांडीवर बसतं ठेवा, रडवू नका, घशात काही घालून बघू नका. मग प्रश्न कुठे न्यायचं याचा. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, सगळं आहे, पण पावसाळी रात्री पाऊण तासाचा रस्ता, आणि मूल स्वस्थ बसलेलं असताना घरघर ऐकू येतेय म्हणजे वाट लांबवायची नाही. १०८ ला फोन करून जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात यायला सांगितलं आणि मीही निघाले.

ऑक्सिजन ९६, श्वास मिनिटाला ४४, गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता. क्रूप. स्वरयंत्राजवळ सूज. डेक्सामेथासोन किलोला ०.६ मिलिग्रॅम, एकदाच, आणि अ‍ॅड्रेनालिनची वाफ. अर्ध्या तासात घरघर गेली. अ‍ॅड्रेनालिनचा परिणाम दोन तासांत ओसरतो आणि सूज परत येऊ शकते, म्हणून चार तास तिथेच ठेवलं. सकाळी सात वाजता ती आईच्या हातचं बिस्किट खात होती.

ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी नेमानुसार नाकाची रॅपिड चाचणी केली होती. मी केली नसती. पट्टीवर दोन रेघा आल्या. कोविड.

ओमायक्रॉनच्या काळात लहान मुलांमध्ये क्रूप वाढलं होतं, हे मला ठाऊक होतं. फ्लूतही क्रूप होतं, त्यामुळे केवळ खोकल्यावरून मला कळायला हवं होतं असं नाही. पण तिला दोन दिवस ताप असताना मी तिची चाचणी केली नाही, कारण तिला काय झालंय ते मला तिच्या भावाकडून कळलं होतं.

मग वडिलांनी सांगितलं: सोमवारपासून त्यांचा घसा खवखवत होता, दोन दिवस कणकण होती, शिफ्टमधला एकजण रजेवर होता. त्यांनी आल्याचा काढा घेतला आणि घरी कुणाला बोलले नाहीत. चवथीची रजा मिळवायची तर आधी खाडा नको होता. त्यांची चाचणी केली, फिकट रेघ आली. मुलगा शाळेतून फ्लू घेऊन आला, वडील कामावरून कोविड, आणि एकाच आठवड्यात दोन्ही त्या दोन खोल्यांत शिरले.

समोर काय पर्याय होते

रविवारी सकाळी आठ वाजता रुग्णालयाच्या व्हरांड्यात आम्ही चौघं उभे होतो. तिथे मला पहिल्यांदा चवथीचं आणि गरोदर जाऊबाईंचं कळलं. काका दुपारी गाडी घेऊन आजींना न्यायला येणार होते. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगलेली चौकट, बांधायची असते आणि त्यात काय कुठे बांधायचं हे आजींशिवाय कुणाला माहीत नाही, असं वडील म्हणाले.

पहिला पर्याय घरच्यांनीच सुचवला. आजींना आजच मूळ घरी पाठवू, म्हणजे त्या या आजारातून सुटतील. वरून बघता शहाणपणाचा वाटतो. पण आजी पाच रात्री थोरल्याशेजारी झोपल्या होत्या आणि दिवसभर धाकटी त्यांच्या कडेवर. दोन्हीपैकी काहीही त्यांच्यात शिजत असू शकत होतं, आणि फ्लू लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पसरतो. गरोदरपणात फ्लू आणि कोविड दोन्ही जड जातात. मी स्पष्ट नाही म्हटलं.

दुसरा, म्हापशाला आत्याकडे पाठवणं. तिथेही लहान मूल.

तिसरा, त्याच फ्लॅटमधली एक खोली आजींना एकटीला. खिडकी उघडी, ताट दाराशी, आईने मास्क लावून द्यायचं. धाकटी आणि वडील दुसऱ्या खोलीत. थोरल्याचा ताप जाऊन दोन दिवस झाले होते, तरी त्याने आजींपासून लांब राहायचं. हेच ठरलं. फोनवर आजी माझ्याशी बोलल्या. "दोतोर, चवथीला मी परक्या खोलीत कोंडून राहू? माझ्या हातची माटोळी पन्नास वर्षं चुकली नाही." मी त्यांना म्हटलं, "आजी, तुमच्या सुनेच्या पोटातल्या बाळासाठी मागतेय." त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मग मागितलंस ते दिलं."

चौथा प्रश्न आजींना फ्लू होऊ नये म्हणून आधीच औषध देण्याचा. तसं देता येतं, पण ते संपर्कानंतर ४८ तासांच्या आत सुरू करायचं असतं. इथे पहिला संपर्क होऊन पाच दिवस गेले होते, शेवटचा आदल्या रात्रीचा. मी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांचं मत: आता प्रतिबंधाचा डोस देत बसण्यापेक्षा डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवू, पहिली शिंक आली की त्याच तासाला दोन्ही चाचण्या, आणि रिपोर्टची वाट न बघता फ्लूच्या उपचाराचा पूर्ण डोस. माझा कल द्यायच्या बाजूने होता. आजही मला खात्रीने सांगता येणार नाही की आमच्यातलं कोण बरोबर होतं. मूत्रपिंड कसं चालतंय ते बघायला रक्त मात्र त्याच दिवशी घेतलं, म्हणजे औषधाचं माप ऐनवेळी अडायला नको.

पाचवा, धाकटीचं ऑसेल्टामिविर. कोविडवर त्याचा उपयोग नाही. पण कोविडची रेघ आली म्हणजे फ्लू नाही, असंही सिद्ध होत नाही. दोन्ही एकत्र होऊ शकतात, आणि तिच्या घरात तर दोन्ही होते. पीसीआरचा रिपोर्ट येईपर्यंत चालू ठेवलं. सोमवारी तिचा रिपोर्ट आला: कोविड पॉझिटिव्ह, फ्लू निगेटिव्ह. औषध बंद केलं.

काय केलं, कसं केलं

आईला एका कागदावर मी लिहून दिलं की कुठलं चिन्ह दिसलं तर वेळ न बघता निघायचं. त्यात विषाणूचं नाव एकदाही नव्हतं. मूल स्वस्थ असताना श्वास मोजायचा, पूर्ण मिनिटभर, घड्याळ बघून: एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त म्हणजे जलद, त्याहून मोठ्या मुलाला ३० च्या वर. बरगड्यांमध्ये किंवा गळ्याखाली खळगा पडणं. सात-आठ तास लघवी नाही. पाणी प्यायलं की उलटी. हाक मारली तर डोळे न उघडणं. ओठ निळसर. झटका. पोटात जोराचं दुखणं, हिरड्यांतून रक्त, ताप उतरल्यावर मूल आणखी मलूल होणं, हे डेंग्यूसाठी. कोविड असो वा फ्लू, घरच्या माणसाने बघायचं ते एवढंच असतं.

नाव कुठे महत्त्वाचं ठरतं ते सोमवारी संध्याकाळी कळलं. २९ तारखेला सातच्या सुमाराला आजींना खोकला आला, मग हुडहुडी. त्या घरात तेव्हा सगळ्यांच्या तोंडी कोविड होता. वडील पॉझिटिव्ह, धाकटी पॉझिटिव्ह, मग आजींना दुसरं काय असणार? आईने फोनवर सांगितलं तेच: "आजींनाही कोविड झाला, डॉक्टर."

तीन दिवसांपूर्वी मी 'भावाचंच' म्हटलं होतं. तीच चूक, या वेळी विषाणू तेवढा वेगळा. ठरल्याप्रमाणे नमुना गेला आणि त्याच रात्री साडेनऊला ऑसेल्टामिविरचा पहिला डोस पोटात गेला. मंगळवारी, तयेच्या (हरितालिकेच्या) दिवशी, रिपोर्ट आला. इन्फ्लुएंझा ए पॉझिटिव्ह. कोविड निगेटिव्ह. दिवसभर धाकटीला सांभाळून त्यांना आजार लागला तो नातवाचा.

परिणाम

आजींना चार दिवस ताप होता. साखर तीनशेपर्यंत गेली, त्यांच्या डॉक्टरांनी इन्सुलिन काही दिवस वाढवलं. ऑक्सिजन ९४ च्या खाली आला नाही, दाखल करावं लागलं नाही. औषध अडीच तासांत सुरू झाल्यामुळे असं झालं, की तसंही झालं असतं, हे एका रुग्णावरून सांगता येत नाही.

थोरला रविवारपर्यंत नीट चालू लागला, आठवड्याने सीपीके उतरलं. धाकटीचा ताप मंगळवारी गेला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे ती आणि वडील सात दिवस घरात राहिले. आई शेवटपर्यंत आजारी पडली नाही. सत्तरीतल्या घरात कुणालाही काही झालं नाही, आणि नोव्हेंबरमध्ये बाळ सुखरूप जन्मलं.

चवथीला आजींनी व्हिडिओ कॉलवरून माटोळी बांधून घेतली. सुपारीचा घड कुठे, कवंडाळ कुठे, एकेक जागा दाखवत. खोकत खोकतच. आरतीच्या वेळी घुमट या वाद्याचा आवाज फोनमधून फाटून येत होता, असं आईने नंतर सांगितलं.

धाकटीच्या घरच्यांना मी आणखी एक गोष्ट लिहून दिली होती. कोविडनंतर दोन ते सहा आठवड्यांनी क्वचित एखाद्या मुलाच्या अनेक अवयवांना सूज येते. ताप, पुरळ, लाल डोळे, पोटदुखी, उलट्या, मूल गळून जाणं. त्या मुदतीत ताप आला तर 'व्हायरल असेल' म्हणून घरी ठेवायचं नाही. सप्टेंबरच्या शेवटी तिला ताप आला आणि तासाभरात ते दवाखान्यात हजर. डोळे स्वच्छ, पुरळ नाही, शरीरातली सूज दाखवणारी सीआरपी चाचणी ठीक. दोन जुलाब झाले, दुसऱ्या दिवशी बरी. आईने माफी मागितली, उगीच धावत आले म्हणून. उगीच नव्हतं, हे तिला दोनदा सांगितलं.

आज असं घर आलं तर

पहिल्या दिवशी थोरल्याची चाचणी करायची का? तो एकटाच डोळ्यांसमोर ठेवला तर आजही नाही. पण सत्तरीच्या मधुमेही आजी, सात दिवसांवर वीस माणसांचं घर आणि त्यात गरोदर बाई, हे बुधवारी कळलं असतं तर त्याच दिवशी नमुना घेतला असता. गुरुवारी रिपोर्ट आला असता, आजींची झोपायची जागा त्याच रात्री बदलली असती, आणि प्रतिबंधाचं औषध द्यायचं की नाही हा वाद मुदत टळल्यावर घालावा लागला नसता. चाचणी मुलाच्या नाकाची, तरी ती करायची की नाही ते त्याच्या घराकडे बघून ठरतं.

दुसऱ्या मुलाला न बघता औषध लिहायचं नाही. यात मला सबब नाही.

वडिलांचा घसा सहा दिवस कुणाला कळला नाही. दवाखान्यात येते ती आई, आणि आपण विचारतो, 'घरात आणखी कुणाला ताप?' ती खरं तेच सांगते, नाही. मोठ्या माणसाला मुलाइतका ताप येत नाही. आता मी विचारते, 'घरात कुणाचा घसा, नाक, अंग दुखतंय का, मिस्टरांनाही फोन करून विचारा.' फोन माझ्यासमोरच करायला लावते. खाडा पडेल म्हणून माणूस लपवतो, हे कळत असल्यामुळे रागावत नाही.

त्या वर्गात त्या आठवड्यात बरीच मुलं गैरहजर होती, हे मला मुलगा बरा झाल्यावर समजलं. शाळेने पालकांच्या ग्रुपवर एक ओळ टाकली असती तर आजी आधीच सावध झाल्या असत्या. हे शाळेला जाऊन सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, आणि पुढच्या पावसाळ्यात तशी सूचना आली.

लशीचं वेळापत्रक मी बदललं. फ्लूची लस पूर्वी कुणी विचारली तर देत होते. आता एप्रिल-मेमध्ये मी स्वतः विषय काढते, कारण आपला मोठा हंगाम जूननंतरचा. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, तेव्हा जूनमध्ये सुरुवात केली तर उशीर होतो. लशीने फ्लू होणारच नाही असं नाही, जड जाण्याची शक्यता घटते. आणि मुलाच्या डोसाबरोबर आजी-आजोबांचं विचारते. त्या घरातले चौघं मे २०२३ मध्ये आले. आजींना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवणार होते, त्या म्हणाल्या, "घेऊन आलेय मी, कालच."

माझ्या केसपेपरवर आता वजनाच्या रकान्याखाली एक नवा रकाना आहे. त्यात घरातली माणसं, त्यांची वयं, कोण कुणाजवळ झोपतं, आणि पुढच्या पंधरा दिवसांत कुठे जायचं आहे. भरायला एक मिनिट लागतं. जिन्यावर रांग असते त्या दिवशीही तो भरल्याशिवाय मी पेन खाली ठेवत नाही.